शिक्काकाकांची लय

काकांना सगळं जग सावकाश चालल्यासारखं वाटायचं. जिन्यात पुढे चालणारी बाई, पोस्टातला कारकून, चहाचं आधण, आणि जगातले झाडून सगळे वाद्यवृंद. "ओढतायत," एवढा एकच शब्द म्हणायचे आणि हेडफोन कानांवरून काढून गळ्यात अडकवायचे. मग कुणी काही म्हणायची सोय नसायची.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नोकरी वजनमाप खात्यात. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर सरळ जप्त. पितळी वजनांची एक पेटी घेऊन फिरायचे. वजन उचलायचं ते चिमट्याने, बोटाचा घाम लागला तर तेवढा फरक पडतो म्हणून. हा माणूस सासऱ्याचाही तराजू उचलून नेईल, असं लोक म्हणायचे; पण लग्नच केलं नाही, तेव्हा एक सासरा वाचला. रविवारी जमून रेकॉर्ड ऐकणारं एक श्रवण मंडळ होतं, तिथल्या लोकांनी त्यांचं नाव 'शिक्का' पाडलं होतं आणि मी त्यांना शिक्काकाका म्हणायचे. अर्थात पाठीमागे. समोर नुसतं काका, आणि तेही खालच्या आवाजात.

त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत पलंग, शेगडी आणि इस्त्रीचं टेबल. दुसरीत दोन उंच स्पीकर आणि एक खुर्ची. एकच. पाहुण्याने उभं राहावं नाहीतर घरी जावं. खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा केलेल्या, झाडताना इंचभरही सरकू नये म्हणून. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या खोलीत बोललेला शब्द तोंडातून बाहेर पडला की जागच्या जागी मरायचा. लहानपणी मला तिथे भीती वाटायची, आणि मोठेपणी कंटाळा यायचा. तरी जायचे, कारण आमच्या घरातून तिथे जाणारी मी एकटीच उरले होते.

पूर्वी त्यांच्याकडे तबकड्या होत्या, मग कॅसेट आल्या, मग सीडी, आणि निवृत्तीनंतर ते हाय-रेझोल्यूशनच्या नादाला लागले. म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. मूळ टेपवर जे जे पकडलं गेलं, ते काहीही न गाळता उतरवायचं. "व्हायोलिनवाल्याने पान उलटलं तर तेही ऐकू येतं," म्हणाले. मी कान टवकारून ऐकलं. मला काही पान उलटलेलं कळलं नाही. "तुला नाहीच कळणार," असं ते मोठ्या समाधानाने म्हणाले.

पण आवाजाचा स्वच्छपणा ही वरवरची गोष्ट. काकांचा जीव होता तो लयीत. सुराचा कान त्यांना नव्हता, हे ते स्वतःच सांगायचे; व्हायोलिन चढं लागलंय की उतरलंय, ते त्यांना कळायचं नाही. चाल मात्र अचूक लक्षात राहायची. त्यांची एक ठरलेली सिंफनी होती; तीच निरनिराळ्या वाद्यवृंदांनी वाजवलेली घ्यायची, तिचा दुसरा, संथ भाग लावायचा आणि गुडघ्यावर बोटाने ठोका धरायचा. वाजवणारे ठोक्याच्या मागे पडले की बोट थांबायचं. नापास. बोट शेवटपर्यंत चाललं असं माझ्या देखत कधीच झालं नाही. कारण त्यांच्या मनात एक मूळ माप पक्कं बसलेलं होतं, आणि ते त्यांच्या लहानपणीच्या घरातलं होतं.

त्या घरी रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच लाकडी कपाटात होते. एक चालू केलं की दुसरं बंद. कपाटाची किल्ली आजोबांच्या खिशात. आजोबांना लोक शिस्तीचे म्हणतात. मी त्यांना खडूस म्हणते, आणि तेही मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून. संध्याकाळी ते कामावरून आले, हातपाय धुतले, की आजीच्या हातात किल्ली पडायची. तिथपासून बातम्या लागेपर्यंतचा वेळ आजीचा आणि दोन मुलांचा. घरात एकच तबकडी ऐकण्यासारखी होती, ती या सिंफनीची. सुई कडेलाच ठेवायची, मधे ठेवली तर चर पडतात, हा आजोबांचा कायदा. त्यामुळे पहिला भाग पूर्ण ऐकावा लागायचा, मग दुसरा, आणि दुसऱ्या भागाचा शेवट जवळ आला की बातम्यांची वेळ व्हायची. आजोबा उठायचे आणि सुई उचलायचे. संगीत कुठे का असेना. शेवटचं मिनिटभर कायम राहून जायचं.

"आणि मग एके दिवशी," काका सांगायचे, "बाबा उठले, सुईकडे हात नेला, आणि थांबले. संपू दिलं. त्या दिवसापासून रोज संपू दिलं." हे सांगताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा की तो त्यांचाच आहे यावर विश्वास बसू नये. "आयुष्यात त्या माणसाने आम्हाला दुसरं काही दिलं नाही. पण ते मिनिट दिलं."

पुढे ते घर रिकामं करताना ती तबकडी फुटली. बाजारात दुसरी मिळेना, कंपनीच्या मूळ टेपा हरवल्या होत्या म्हणे. राहिली ती काकांच्या डोक्यातली लय, आणि तिच्यावरून जगाला नापास करायचा त्यांचा अधिकार.

आता माझ्या बाबांचं सांगते. बाबा शाळेत संगीत शिकवायचे आणि शहरातल्या हौशी वाद्यवृंदाचे कंडक्टर होते. कंडक्टर म्हटलं की लोक विचारायचे, "कुठल्या मार्गावर?" बाबा म्हणायचे, "मार्ग कुठलाही द्या, लोक मधेच उतरतात." त्या वाद्यवृंदात एक औषधविक्रेता, दोन नर्सा, एक निवृत्त पोलीस असे लोक होते. त्यांना घेऊन बाबांनी बरीच वर्षं खपून तीच सिंफनी बसवली. मी तेव्हा शाळेत होते. कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत काका बसले होते आणि त्यांचं बोट गुडघ्यावर होतं. दुसरा भाग सुरू झाला आणि थोड्याच वेळात ते थांबलं. मी पाहिलं.

श्रवण मंडळाचं एक छापील पत्रक निघायचं. त्यात काकांनी लिहिलं, की दुसरा भाग संपला तेव्हा श्रोत्यांतल्या काहींच्या दाढ्या वाढल्या होत्या, आणि संचालक काठी हलवत होते की माशा वारत होते ते कळायला मार्ग नव्हता. लोकांनी ते वाचून खूप हसून घेतलं. वाद्यवृंदाच्या समितीने हसण्यावारी नेलं नाही. पुढच्या हंगामाला बाबांच्या हातातली काठी दुसऱ्या कुणाला तरी दिली, 'नव्या रक्ताला वाव' असं काहीतरी म्हणून. बाबा घरी आले, कोट टांगला, आणि जेवायला बसले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हाची मी शाळेतली. आता माझ्या मुलाला मिसरूड फुटलंय.

बाबांची फुप्फुसं निकामी होत गेली तसं मी त्यांना माझ्याकडे आणलं. पुढच्या खोलीत पलंग, उशाशी प्राणवायूचं यंत्र. ते यंत्र दिवसभर घुरघुरायचं आणि बाबा त्याच्या वर आवाज चढवून बोलायचा प्रयत्न करायचे, म्हणजे दमायचे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता कुणाला भेटायचं-बिटायचं असेल तर बोलावून घ्या. मी आत आले तर बाबा छताकडे बघत म्हणाले, "दादा येईल का गं?"

मी त्याच दिवशी काकांकडे गेले. ते खुर्चीत, मी उभी.

"काका, बाबांचं काही खरं नाही. त्यांना तुम्हाला बघायचंय."

काकांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मला नाही का वाटत?" म्हणाले. "लहान भाऊ आहे माझा. मी सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलाय त्याला."

"मग चला ना."

"त्याने एकदा म्हणावं, चुकलं माझं. आईची सिंफनी होती ती. भर सभागृहात चार लोकांसमोर तिची वाट लावली त्याने. एकदा म्हणू दे. मी पायांत चपला न घालता येईन."

"आणि तुम्ही जे लिहिलंत ते?"

"मी खोटं लिहिलं होतं का?"

या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि तिथल्या भिंतींना रजया होत्या. मी परत आले. बाबांना म्हटलं, काकांना जरा सर्दी आहे, बरे झाले की येतो म्हणाले. बाबा म्हणाले, "असं का," आणि डोळे मिटले. सर्दी हा आमच्या घरातला जुनाच रोग होता.

त्याच सुमाराला ती बातमी आली. त्या फुटलेल्या तबकडीच्या हरवलेल्या मूळ टेपा सापडल्या होत्या. कंपनीने त्या सिंफनीचं हाय-रेझोल्यूशन रूप बाजारात आणलं. काकांना इंटरनेटचं काही जमायचं नाही. त्यांच्या फायली उतरवून द्यायचे ते श्रवण मंडळातले दातांचे डॉक्टर. डॉक्टर सज्जन माणूस, आणि थोडा हौशी. त्यांनी ठरवलं की म्हाताऱ्याला आधी सांगायचं नाही, रविवारी मंडळात एकदम ऐकवायचं. पहिल्या चार सुरांत ओळखतील आणि खूश होतील, असा त्यांचा हिशेब. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं. मीही गेले. वाटलं, माणूस खुशीत असेल तर त्याचं मन वळवता येईल.

मंडळ भरायचं एका बंद पडलेल्या शिवणक्लासच्या खोलीत. कपडे बेतायचं लांब टेबल अजून तिथेच होतं आणि त्याच्या फटीतून टाचण्या निघायच्या. मंडळाचा एक खेळ होता. यंत्रावर जुना टेबलक्लॉथ टाकायचा, एकाच सिंफनीचा एकच भाग चार वाद्यवृंदांचा वाजवायचा, कुणाचा कुठला ते सांगायचं नाही. लोकांनी आधी मत द्यायचं आणि मग कापड उचलायचं. मोठी नावं ऐकून माणसं लाळ गाळतात, म्हणून ही पद्धत काकांनीच घालून दिलेली.

पहिला नापास. दुसरा "जरा बरा, पण नापासच". तिसरं लागलं ते आम्हा सगळ्यांना फार सुंदर वाटलं. आवाज इतका जवळ की वाजवणाऱ्यांचे श्वास ऐकू यावेत. डॉक्टर गालातल्या गालात हसत काकांकडे बघत होते. काकांचं बोट गुडघ्यावर पडलं, दोनदा हललं, आणि थांबलं. त्यांनी ते सबंध ऐकलंही नाही. हात वर करून बंद करायला लावलं.

"चौथा लावायची गरज नाही," म्हणाले. "याच्याहून वाईट असूच शकत नाही. माणसं चांगली आहेत, वाद्यं चांगली आहेत. वर जो उभा आहे त्याला नाडी नाही. असा एक आमच्या घरातही होता." आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांचा चेहरा पडला. आता कापड उचलावं की नाही ते त्यांना कळेना. कुणीतरी दुसऱ्यानेच ते उचललं. खाली पडद्यावर त्या जुन्या रेकॉर्डचं वेष्टन होतं, तेच निळं, काकांनी आम्हाला हजार वेळा वर्णन करून सांगितलेलं.

काका टेबलाला धरून उठले. "टेप ताणली गेलीये," म्हणाले. "जुन्या टेपा ताणतात. किंवा यंत्र हळू चालवलंय लेकाच्यांनी. मी लिहितो कंपनीला." त्यांनी छत्री समजून डॉक्टरांची काठी उचलली, परत ठेवली, आणि काहीच न घेता जिना उतरले. मी मागे गेले, पण त्यांचं ते चालणं बघून हाक मारवली नाही.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. अगदी नाडीपर्यंत. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. बाबा हसायला लागले. इतके हसले की यंत्राची नळी नाकातून निघाली आणि खोकल्याने त्यांचा जीव कासावीस झाला. मी पाठ चोळली, पाणी पाजलं. जरा शांत झाल्यावर म्हणाले, "म्हणजे मी तंतोतंत होतो म्हणायचं."

"काय म्हणताय?"

मग त्यांनी सांगितलं. तुकड्या-तुकड्याने, मधे थांबत.

कपाटाच्या मागच्या बाजूला ग्रामोफोनचा वेग कमी-जास्त करायची एक कळ होती. शेवटचं मिनिट रोज तुटतं म्हणून मुलं हिरमुसायची. तेव्हा आजीने एक दिवस ती कळ किंचित पुढे सरकवली. तबकडी थोडी जोरात फिरायला लागली आणि दुसरा भाग आजोबा उठायच्या आत संपायला लागला. आजोबांना सुरातलं काही कळत नव्हतं, काकांना तर नव्हतंच. बाबा तेव्हा शाळेत नुकतंच व्हायोलिन शिकायला लागले होते. ते तबकडीबरोबर वाजवायला जायचे तर त्यांचं व्हायोलिन उतरलेलं लागायचं. आपलंच चुकतंय म्हणून खुंटी पिळत गेले, पिळत गेले, आणि तार तुटली. रडायला लागले. तेव्हा आजीने त्यांना कपाटामागे नेलं, कळ दाखवली, आणि तोंडावर बोट ठेवलं.

"बापाने काही थांबवला नव्हता हात," बाबा म्हणाले. "तो उठायच्या आत संपलेलं असायचं. दादाला वाटलं, थांबला."

"आणि खरी चाल तुम्हाला कशी माहीत?"

"एकदा बाप किल्ली घरी विसरला. दादा परीक्षेला गेला होता. आईने कळ मागे घेतली आणि आम्ही दोघांनी ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आई म्हणाली, बघ, किती निवांत आहे. तेच वाजवलं मी त्या दिवशी."

एवढी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. त्यांची काठी गेली, भाऊ गेला, आणि एका वाक्याने सगळं निस्तरलं असतं. मी चिडले. म्हटलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत? तोंडावर फेकायचं ना त्यांच्या!"

"अगं, त्याच्याकडे आमच्या बापाची तेवढी एकच चांगली गोष्ट आहे," बाबा म्हणाले. "मार त्याने माझ्याहून जास्त खाल्लाय. माझ्या वाटचाही. त्याला वाटतं, एवढं तरी दिलं बापाने. ते काढून घेतलं तर काय उरेल त्याच्याकडे?"

"आणि तुमच्याकडे काय उरलं?"

"मला आई मिळाली की." मग माझा हात धरून म्हणाले, "सांगायचं नाही त्याला. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि दुसऱ्याच दिवशी मोडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मरणाच्या दारातला माणूस भावाची वाट बघतोय आणि भाऊ मापाच्या गोष्टी करतोय, हे मला सहन होत नव्हतं.

काकांना मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कळ, तुटलेली तार, तोंडावरचं बोट. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही, नाही, अशी. "तो पहिल्यापासून आईचा लाडका," म्हणाले. "काहीही रचून सांगेल. आमचे बाबा थांबले होते. मी पाहिलंय. हात असा नेला होता त्यांनी." आणि हात पुढे करून दाखवला.

मी येताना लॅपटॉप आणला होता. डॉक्टरांकडून ती फाईल घेतली होती आणि वेग वाढवायची युक्तीही शिकून आले होते. ग्रामोफोनवर व्हायचं तसंच, वेगाबरोबर सूरही वर चढतो. दुसरा भाग लावला. काकांचं बोट गुडघ्यावर आलं आणि थांबलं. मी वेग जरासा वाढवला.

"ओढतायत," म्हणाले.

अजून जरासा. बोट हललं, पुन्हा अडखळलं.

"अजून," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे. डोळे मिटले होते. "अजून थोडं. थोडं. हां. थांब. हात लावू नकोस."

बोट चालायला लागलं. एकदाही न अडखळता, शेवटच्या सुरापर्यंत चाललं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना एक सबंध भाग ऐकताना पाहिलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लहान होत गेला, आणि मग एका क्षणी त्यांना कळलं. मला ते स्पष्ट दिसलं. संगीत अजून चालू होतं, बोटही चालू होतं, पण तोंड उघडं राहिलं होतं.

संपल्यावर त्यांनी बोट गुडघ्यावरून उचललं. मग म्हणाले, "म्हणजे नव्हते थांबले."

"नाही, काका."

"त्याला माहीत होतं? मी ते लिहिलं तेव्हा?"

"हो."

त्यांनी खुर्ची मागे ढकलली. खडूच्या खुणांवरून ती फरफटत भिंतीला जाऊन लागली. आतल्या खोलीत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले. गुंड्या वरखाली लागल्या होत्या; मी त्या सारख्या केल्या. रस्ताभर ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. काय म्हणायचं त्याची तयारी चालली होती. "बारक्या, माझं चुकलं," एवढं मला ऐकू आलं. आमच्या जिन्यातही तेच. दारातही तेच.

बाबांनी त्यांना पाहिलं आणि उठून बसायची धडपड केली. मी उशा लावल्या. काका पलंगाशेजारी स्टुलावर टेकले. काकांनी घसा खाकरला. ओठ हलले. पण बाबाच आधी बोलले.

"दादा, तुझं बरोबर होतं," बाबा म्हणाले. दम लागला, थांबले, परत म्हणाले. "फार सावकाश झालं माझ्याकडून. आईला आवडलं नसतं. चुकलं माझं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. मी बोलले असते तर शब्द मोडल्याचं बाबांना कळलं असतं, आणि कशासाठी मोडला तेही. बाबांचा चेहरा इतका खुशीत होता की माझ्याने बोलवेना. मी डोळ्यांनीच काकांना म्हणत होते, बोला. आता तरी बोला. तुमच्या तोंडात आहे ते वाक्य, फक्त बाहेर काढा.

काकांनी बाबांचा हात हातात घेतला.

"जाऊ दे रे," म्हणाले. "झालं गेलं. मी काही मनात ठेवलेलं नाही."

"खरंच?"

"खरंच. माफ केलं."

बाबांनी समाधानाने मान टेकवली. मग दोघांनी सायकलच्या गोष्टी काढल्या. कुठल्याशा उतारावर दोघे कसे पडले होते, गुडघा कुणाचा फुटला आणि मार कुणी खाल्ला. बाबा हसले, जपून हसले. काकाही हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि विनाकारण धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

काका निघाले तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. "माफ केलंत?" मी म्हटलं. "तुम्ही? त्यांना?"

काकांनी कठड्याला धरलं आणि पायरीवर बसले. "ते 'चुकलं माझं' तो इतक्या आनंदाने देत होता गं," म्हणाले. "मी नाही कसं म्हणू? आणि हो तरी कुठल्या तोंडाने म्हटलं मी!" मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. त्या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. कसं रडायचं तेही त्यांना माहीत नसावं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. नाही ठेवला. त्यांना तसंच सोडून घरात आले.

बाबा जागे होते. यंत्राच्या घुरघुरीतून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"दादाला कळलं नाही ना काही?"

"नाही, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "ते पांघरूण जरा वर ओढ."

मी पांघरूण ओढलं. खाली जिन्यात काका अजून बसलेले होते, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत.